सेव्हर्न: नदी खाली जाते, समुद्र वर येतो

वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगराला तीन मुली. एके दिवशी त्यानं तिघींना विचारलं, समुद्राला कोण कुठल्या वाटेनं जाणार? रेइडॉल म्हणाली, मी जवळच्या वाटेनं, आणि पश्चिमेकडे धावत सुटली. वाय म्हणाली, मी देखण्या डोंगरखोऱ्यांतून जाईन. सेव्हर्न म्हणाली, मला गावं बघायचीत, माणसं बघायचीत, मी सगळ्यांत लांबची वाट धरीन.

ही लोककथा तिकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतात, पण तिच्यातला भूगोल पक्का आहे. तिन्ही नद्या याच डोंगरावर उगम पावतात. तिथून पश्चिमेचा समुद्र जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. रेइडॉल तो गाठतेही. सेव्हर्न मात्र त्या समुद्राकडे पाठ फिरवते. आधी ईशान्येला, मग इंग्लंडमध्ये शिरून आग्नेयेला, मग दक्षिणेला, आणि शेवटी नैर्ऋत्येला वळून ती ब्रिस्टलजवळ खाडीला मिळते. नकाशावर ताणलेल्या धनुष्यासारखी दिसते. हा सगळा प्रवास 354 किलोमीटरचा. थेम्स 346 किलोमीटरची, म्हणजे ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी सेव्हर्न. आणि जाता जाता सांगायचं तर, उगमापाशी दुरावलेली वाय चेपस्टोजवळ, अगदी खाडीच्या तोंडाशी, पुन्हा तिला येऊन मिळते.

जन्म वेल्सचा असला तरी सेव्हर्नचं मोठेपण इंग्लंडमध्ये घडलं. वेल्श लोक तिला हाव्रेन म्हणतात, रोमन लोक सॅब्रिना म्हणायचे. तिचा स्वभाव समजून घ्यायचा तर दोन प्रश्न पुरतात. तिनं एवढा वळसा का घेतला? आणि समुद्र तिच्यात एवढा आत का घुसतो? पहिल्याचं उत्तर बर्फात आहे, दुसऱ्याचं खाडीच्या आकारात.

आधी बर्फाचं पाहू. श्रूझबरी शहरापर्यंत सेव्हर्न उत्तरेकडच्या सपाट मैदानाच्या कडेनं येते. पूर्वी ती तशीच उत्तरेला जाऊन आयरिश समुद्राला मिळत असावी, असं भूवैज्ञानिक मानत आले आहेत. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या बर्फाच्या प्रचंड थरानं ती वाट बुजवली. तुंबलेल्या पाण्याचं मोठं सरोवर झालं आणि त्यानं दक्षिणेच्या डोंगररांगेवरून सांडून खडक कापत घळ पाडली, ही जुनी मांडणी. घळ मुळात बर्फाखालून दाबानं वाहणाऱ्या पाण्यानंच कोरली, असं आता अनेक अभ्यासक म्हणतात. कसंही असो, बर्फ वितळला तेव्हा नदीला ही नवी वाट सोयीची झाली होती. ती पुन्हा उत्तरेला वळली नाही.

या घळीनं पुढं जे घडवलं, ते मला या नदीच्या गोष्टीत सर्वांत विलक्षण वाटतं. पाण्यानं डोंगर चिरला तेव्हा त्याच्या पोटातले थर दोन्ही काठांना उघडे पडले. दगडी कोळसा, लोहखनिज, चुनखडी, भट्टीच्या विटांना लागणारी माती असं सगळं एकाच जागी, आणि माल वाहून न्यायला खाली नदी. इथं कोलब्रुकडेलमध्ये 1709 साली अब्राहम डार्बीनं लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजून धूर काढलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड वितळवलं. तोवर लोखंडासाठी जंगलं तुटत होती. ती अडचण सुटली आणि लोखंड स्वस्त व्हायची वाट मोकळी झाली.

त्याच्याच नातवानं, तिसऱ्या अब्राहम डार्बीनं, घळीवर लोखंडी पूल उभारला. आराखडा थॉमस प्रिचर्ड या वास्तुविशारदाचा. कमान 1779 साली उभी राहिली आणि 1781च्या पहिल्या दिवशी पूल रहदारीला खुला झाला. ओतीव लोखंडाचा जगातला पहिला मोठा पूल, एकच कमान, गाळा सुमारे 30 मीटर. बांधणाऱ्यांपुढं लोखंड जोडण्याचा कुठलाच नमुना नव्हता, म्हणून त्यांनी सुतारकामातले सांधे वापरले. खाचेत कूस बसवायची, पाचर ठोकायची, जसं लाकडी तुळयांना करतात तसं. धातू नवा, हात मात्र सुताराचे. 1795च्या फेब्रुवारीत सेव्हर्नला महापूर आला आणि तिच्यावरचे कितीतरी दगडी पूल मोडले किंवा खिळखिळे झाले. जाळीसारखा मोकळा हा लोखंडी पूल मात्र धड राहिला. पुलामुळं गावाचंच नाव आयर्नब्रिज पडलं, आणि 1986 साली सगळी घळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

घळ मात्र अजून स्थिरावलेली नाही. भूगर्भाच्या हिशेबानं ती अगदी अलीकडे कापली गेली, काठ उभे, खाली चिकणमाती, त्यात खाणी खणून पोखरलेली. 1952 साली शेजारच्या जॅकफिल्डमध्ये जमीन सरकली आणि घरं ढासळली. दोन्ही काठ हळूहळू नदीकडे सरकत पुलाला चिमटीत धरत होते. म्हणून 1970च्या दशकात पुलाखाली नदीच्या तळाशी काँक्रीटचा आडवा आधार घातला गेला. दोन्ही काठांना एकमेकांपासून दूर ठेवायचं काम तो पाण्याखाली राहून करतो.

घळीतून सुटल्यावर नदी ब्रिजनॉर्थ, ब्यूडली, स्टोअरपोर्ट, वूस्टर अशी गावं घेत रुंद खोऱ्यात उतरते. एके काळी इथं ‘ट्राउ’ नावाच्या सपाट तळाच्या होड्या चालत. वारा नसला की माणसांच्या टोळ्या दोर खांद्याला लावून त्या प्रवाहाविरुद्ध ओढत नेत. घोडे लावता येतील अशी वाट काठानं तयार व्हायला बराच काळ गेला.

आता पुराकडे. सेव्हर्नकाठच्या माणसाला नदीबद्दल विचारलं तर तो आधी पुराबद्दल बोलेल. प्लिनलिमनवर वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या घाटमाथ्याच्या मानानं हा कमी वाटेल, पण तो चार महिन्यांत नाही, बारा महिने झिरपत पडतो. हिवाळ्यात माती आधीच तुडुंब भिजलेली असते, मग एखादा दीड दिवसाचा जोराचा पाऊसही सरळ नदीत येतो. डोंगरातलं पाणी श्रूझबरीला पोचायला दिवसभर आणि वूस्टर-ग्लॉस्टरपर्यंत यायला आणखी काही दिवस लागतात. त्यामुळं इथला पूर चोरपावलांनी येतो. वेल्समधला पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं, आणि खाली वूस्टरमध्ये लोक दुकानातला माल वरच्या मजल्यावर नेत असतात.

श्रूझबरी तर नदीनं जवळपास गोल वेढा घातलेल्या टेकडीवर वसलेलं आहे. शत्रूपासून फुकटचा खंदक, पावसाळी हिवाळ्यात मात्र तोच गळफास. वूस्टरच्या कॅथेड्रलखाली नदीकाठी जुना दरवाजा आहे. त्याच्या भिंतीवर शतकानुशतकांच्या पुरांच्या रेघा कोरून ठेवल्यात, 1672, 1770, 1947. नव्या पुराची बातमी आली की लोक आजही जाऊन बघतात, पाणी कुठल्या रेघेपाशी आलं.

ट्यूक्सबरीला एव्हन नदी सेव्हर्नला मिळते. एरवी दोघींचे पूर पुढंमागं येतात. 2007च्या 20 जुलैला तसं झालं नाही. पाऊस वेल्सच्या डोंगरांत न पडता सरळ खालच्या खोऱ्यातच कोसळला आणि दोन्ही नद्या एकदम फुगल्या. गावाबाहेरच्या माइथ जलशुद्धीकरण केंद्रात पुराचं पाणी शिरलं आणि सुमारे साडेतीन लाख लोकांचे नळ कोरडे पडले, काहींचे दोन आठवड्यांच्या आसपास. चहूबाजूंना पाणीच पाणी आणि लोकांना प्यायला टँकर, अशी ती स्थिती होती. त्या दिवसांतला ट्यूक्सबरीच्या मठाचा आकाशातून घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे, सगळीकडे तपकिरी पाणी आणि मधोमध दगडी मठ. बाराव्या शतकात मठ बांधणाऱ्यांनी जागा निवडताना नदी किती चढते ते नीट पाहून ठेवलं होतं. त्या पुरात मठात पाणी शिरलं, पण जेमतेम.

नदीच्या उगमापाशी एक प्रयोगही झाला, तो फारसा कुणाला माहीत नसतो. सेव्हर्नचं सुरुवातीचं खोरं झाडीचं, शेजारचं वायचं खोरं गवताचं. पाऊस दोन्हीकडे सारखा. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनच्या जलविज्ञान संस्थेनं दोन्हीकडे पडणारं आणि वाहून जाणारं पाणी मोजायला घेतलं. झाडीच्या खोऱ्यातून लक्षणीय कमी पाणी नदीत येतं, असं दिसलं. सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांवर अडकलेला पाऊस जमिनीवर पडण्याआधीच वाऱ्यानं वाळून जातो. धरणांच्या वरच्या अंगाला दाट वन लावलं की पाणी वाढतं, या सरसकट समजुतीला त्यामुळं धक्का बसला. कुठलं झाड, कुठलं हवामान, हे पाहावं लागतं.

आता दुसरा प्रश्न, समुद्राचा. भरती-ओहोटी, उधाण, भांग हे शब्द कोकणात पोराटोरांना माहीत असतात, म्हणून मराठी वाचकाला हे समजायला सोपं जाईल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास ती आडवी पडते, तेव्हा भांग. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक साधारण 4 ते 5 मीटर असतो. सेव्हर्नच्या मुखाशी, एव्हनमथला, तोच फरक 14 मीटरच्या आसपास जातो. म्हणजे दुपारी ज्या जागी चिखल उघडा असतो, तिथं रात्री चार मजली इमारत बुडेल एवढं पाणी. जगात यापेक्षा मोठी भरती फार थोड्या ठिकाणी येते.

इतकी का? एक कारण आकाराचं. खाडी म्हणजे आडवं पडलेलं नरसाळं. तोंडाशी रुंद आणि खोल, आत जावं तसं अरुंद आणि उथळ. एव्हनमथला खाडी सुमारे 8 किलोमीटर रुंद, शार्पनेसला दीडेक किलोमीटर, आणि ग्लॉस्टर जवळ येतं तसं पात्र शंभर मीटरच्या आत. तेवढंच पाणी कमी जागेत कोंबलं की ते वर चढणारच. खंभातच्या आखातातही भरती 10 मीटरच्या वर जाते, त्याचंही एक कारण हेच नरसाळं.

दुसरं कारण जरा गंमतीचं आहे. पाण्यानं भरलेली परात उचलून चालायला लागा. पावलांचा ठेका आणि पाण्याचा हिंदकळण्याचा ठेका जुळला, की दोन-चार पावलांतच पाणी काठाबाहेर सांडतं. ठेका बदलला की शांत होतं. ब्रिस्टलच्या खाडीतल्या पाण्याचाही असा स्वतःचा हिंदकळण्याचा ठेका आहे. तिच्या लांबी-खोलीमुळं तो भरतीच्या ठेक्याच्या, म्हणजे दर 12 तास 25 मिनिटांच्या, जवळपास पडतो. समुद्र प्रत्येक भरतीला नेमक्या वेळी धक्का देतो आणि खाडी हिंदकळून तो मोठा करते. नरसाळं आणि परात, दोन्ही एकत्र आल्यावर सेव्हर्नची भरती होते.

आणि या भरतीतून निघतो ‘बोअर’. जुन्या नॉर्स भाषेत लाटेला ‘बारा’ म्हणत, त्यातून हा शब्द आला असं मानतात. ओहोटीनंतर नदी शांत, उथळ, समुद्राकडे वाहत असते. खालून भरती येते. खोल पाण्यात लाट वेगानं पुढं सरकते, उथळात सावकाश. त्यामुळं भरतीचं पुढचं टोक उथळ पात्रात रेंगाळतं आणि मागून येणारं पाणी, जे जास्त खोल आहे, त्याला गाठतं. गर्दीत पुढचा थबकला की मागचे त्याच्यावर आदळतात, तसं. बघता बघता भरतीच्या पुढच्या कडेची उभी पायरी होते आणि ती पायरी ताशी 13 ते 21 किलोमीटर वेगानं नदीतून वर, ग्लॉस्टरच्या दिशेनं, चालू लागते. नदी खाली येतेय आणि त्याच पात्रातून समुद्र वर जातोय.

वर्षातल्या सुमारे 130 दिवशी बोअर येतो, पण बहुतेक वेळा लहान. खरा बघण्यासारखा येतो तो मार्च आणि सप्टेंबर या विषुवदिनांच्या आगेमागे, पौर्णिमा-अमावास्येनंतर एक ते तीन दिवसांत. वेळही ठरलेली. सर्वांत मोठे बोअर सकाळी नाहीतर रात्री येतात, ऐन दुपारी नाही, कारण एखाद्या ठिकाणी उधाणाची भरती घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला येते. वर्षभराचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं. तरी ग्लॉस्टरजवळच्या मिन्स्टरवर्थच्या काठावर जमलेल्यांना थोडं थांबावं लागतं, किंवा बोअर लवकर येऊन काहींचा चुकतोही. नैर्ऋत्येचा वारा त्याला ढकलतो, वरून नदीला जास्त पाणी असलं तर तो अडखळतो. चंद्र-सूर्याचा हिशेब पक्का, वारा-पावसाचा नाही.

आधी आवाज येतो, दुरून गाडी यावी तसा. मग वळणावर पांढरी रेघ. मधोमध लाट गुळगुळीत, फुगीर, आणि काठांना ती फुटत, झुडपं वाकवत, चिखल उडवत येते. साधारण मोठा बोअर दोन मीटरपर्यंत असतो. 15 ऑक्टोबर 1966 रोजी स्टोनबेंचपाशी 2.8 मीटरचा मोजला गेला. 1955 साली जॅक चर्चिल हा लष्करी अधिकारी फळी घेऊन या लाटेवर स्वार झाला. दुसऱ्या महायुद्धात तलवार घेऊन लढायला जाणारा म्हणून तो आधीच प्रसिद्ध होता. तेव्हापासून इथं लाटेवर स्वार होणाऱ्यांची परंपराच सुरू झाली.

बहुतेक जण लाट गेली की फोटो काढून निघतात. मला विचाराल तर खरं बघायचं त्यानंतर असतं. लाटेमागून नदी पुढचा जवळपास तासभर उलटी वाहते. ओंडके, फांद्या, तुटलेली खोकी डोंगराकडे वेगानं चाललेली दिसतात आणि पाणी काठाला डोळ्यांदेखत चढत राहतं. चढायला तास, उतरायला मात्र पुढचे दहा-अकरा तास. ग्लॉस्टरच्या बंधाऱ्यांपाशी भरती एरवी अडते, पण मोठ्या उधाणाला ती त्यांच्यावरूनही वर जाते आणि ट्यूक्सबरीपर्यंत पाण्याची पातळी हलते.

अशा नदीत जहाज चालवणं जिवावरचं. वाळूचे दांडे जागा बदलतात, पाण्याची ओढ प्रचंड, धुकं दाट. म्हणून शार्पनेस ते ग्लॉस्टर असा सुमारे 26 किलोमीटरचा कालवा नदीला समांतर खणला. तो 1827 साली सुरू झाला. नदी शेजारीच असताना तिला वगळून जायला कालवा, यावरून ती किती अवघड आहे ते कळतं. पुढं नदीनं कालव्याचाही काठ कुरतडायला घेतला. 1909 साली पर्टन गावाजवळ कालवा आणि नदी यांच्यामधली मातीची पट्टी खचली. मग जुन्या, निवृत्त होड्या मोठ्या भरतीवर वेगानं आणून काठावर चढवायच्या, तळाला भोक पाडायचं आणि नदीच्याच गाळानं त्या भरू द्यायच्या, असं सुरू झालं. पुढच्या दशकांत ऐंशीच्या वर होड्या अशा गाडल्या गेल्या. आज गवतातून त्यांच्या फासळ्या वर आलेल्या दिसतात. नदीनं आणलेल्या गाळानंच नदीला थोपवलं.

तरी 25 ऑक्टोबर 1960च्या रात्री व्हायचं ते झालं. दाट धुक्यात तेल आणि पेट्रोल घेऊन येणारे दोन तराफे शार्पनेस बंदराचं तोंड चुकले. भरतीनं त्यांना तसंच वर ओढत नेलं आणि ते 1879 सालच्या रेल्वे पुलाच्या खांबावर आदळले. पुलाचे दोन गाळे कोसळले, पेट्रोल पेटलं, आठ खलाशांपैकी पाच गेले. पूल पुन्हा बांधला नाही, नंतर पाडून टाकला. ओहोटीला त्या तराफ्यांचे सांगाडे आजही वाळूत दिसतात.

एवढ्या भरतीतून वीज का काढू नये, हा प्रश्न तिकडे पिढ्यान् पिढ्या विचारला जातोय. कार्डिफजवळून समोरच्या काठापर्यंत सुमारे 16 किलोमीटरची भिंत घातली तर ब्रिटनची जवळपास 5 टक्के वीज मिळेल, असा अंदाज होता. 2010 साली सरकारनं खर्च पाहून ती योजना बाजूला ठेवली. स्वच्छ विजेची गरज मलाही पटते, पण भिंत घातली की ओहोटीला उघडे पडणारे चिखलपट्टे आजच्यासारखे उघडे पडणार नाहीत, आणि त्या चिखलावर हजारो पक्षी हिवाळा काढतात. रशियाच्या आर्क्टिक प्रदेशातून बेविक हंस इथं येतात. पीटर स्कॉट यांनी 1946 साली याच काठावर स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांची संस्था उभी केली. तिथं प्रत्येक हंस चोचीवरच्या पिवळ्या-काळ्या नक्षीवरून ओळखतात.

माशांनाही ही भरतीच वर नेते. वाम माशाची काचेसारखी पारदर्शक पिल्लं सारगासो समुद्रात जन्मतात, दोन-तीन वर्षं अटलांटिकमधून वाहत येतात आणि वसंतातल्या उधाणावर स्वार होऊन सेव्हर्नमध्ये शिरतात. रात्री दिवा लावून, लांब दांड्याची जाळी घेऊन माणसं काठावर बसतात. बेकन-अंड्याबरोबर तळलेली ही पिल्लं ग्लॉस्टरकडे एके काळी साधं, गरिबाघरचं खाणं होतं. 1980च्या दशकापासून युरोपात येणारी पिल्लं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली आणि आता वाम अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

शॅड माशाची गोष्ट जरा दिलासा देणारी आहे. आपला पाला मासा याच्याच गोतावळ्यातला, तोही समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा. सेव्हर्नवर 1840च्या दशकात बोटींसाठी बंधारे घातले गेले. सॅमन उडी मारून पलीकडे जातो, शॅडला उडी जमत नाही. दीडशेहून जास्त वर्षं तो वूस्टरच्या खालीच अडकून राहिला. अलीकडे चार बंधाऱ्यांच्या बगलेला माशांसाठी वळणवाटा बांधल्या आणि सुमारे 250 किलोमीटरचं पात्र पुन्हा मोकळं झालं. वूस्टरच्या डिग्लिस बेटावर या वाटेच्या भिंतीत, पाण्याच्या पातळीखाली, एक काचेची खिडकी बसवली आहे. मे महिन्यात तिच्यासमोर उभं राहिलं की गढूळ हिरव्या पाण्यातून चंदेरी शॅड प्रवाहाविरुद्ध वर जाताना दिसतो.